सावळा की राखाडी?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत आमच्या धर्मग्रामात मुलांचे शिबिर भरले होते. दुपारच्या जेवणानंतरचा तास मोकळा असे. त्या वेळी सभागृहाच्या कोपऱ्यात चारपाच मुले एका संगणकाभोवती दाटीने बसत, आणि त्यांना तेथून उठविण्याचे अप्रिय काम माझ्याकडे आले होते. एके दिवशी उठविण्याऐवजी मीच खुर्ची ओढून त्यांच्यात बसलो. आठवीतला एक मुलगा खेळ सुरू करण्यापूर्वी स्वतःचे पात्र घडवीत होता. उंची, बांधा, केस, हनुवटी असे एकेक ठरवीत तो त्वचेच्या रंगापाशी आला. रंगांच्या लहान लहान चौकटी ओळीने मांडलेल्या होत्या. खालच्या गडद चौकटींवर तो क्षणभर रेंगाळला आणि मग वर जाऊन त्याने एक गोरा रंग निवडला. मुलगा स्वतः चांगला सावळा, आमच्या किनाऱ्यावरच्या उन्हात वाढलेला. मी विचारले, “अरे, तुझ्यासारखा का नाही केलास?” त्याने मान वर न करताच उत्तर दिले, “फादर, त्यात तो चांगला नाही दिसत.”

माझ्यातला उपदेशक तत्काळ जागा झाला, हे मी कबूल करतो. स्वतःच्या रंगाची लाज, गोऱ्या कातडीचे आकर्षण, साहेबी राजवटीचा वारसा अशी सगळी वाक्ये जिभेवर आली होती. सुदैवाने त्याआधी मी म्हणालो, “दाखव बघू.” त्याने गडद रंग लावून दाखविला. मुलाचे म्हणणे खरे होते. पडद्यावरचा तो चेहरा सावळा नव्हता, राखाडी होता. ओठ, गाल आणि कपाळ यांत भेद उरला नव्हता. नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा ठिपका नव्हता. पाऊस पडून गेल्यावर चुलीतील राखेला जो रंग येतो, तो त्या माणसाला दिलेला होता. त्याच पात्राला पुन्हा गोरा रंग लावताच गालावर तांबूस छटा आली, ओठ वेगळे दिसू लागले, चेहरा जिवंत झाला. त्या खेळाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. मुलाने मला दिलेला धडा महत्त्वाचा आहे आणि त्यासाठीच हा लेख.

या नियतकालिकाच्या पानांवर कादंबरी, नाटक, चित्रपट यांची समीक्षा येते. व्हिडिओ गेमची का यावी, असे काही वाचक विचारतील. माझे उत्तर साधे आहे. आपल्या घरांतील मुले आज ज्या कथा सर्वांत अधिक वेळ जगतात, त्या या खेळांत आहेत. तेथे नायक आहे, प्रवास आहे, मृत्यू आहे, आणि कधी कधी पश्चात्तापही आहे. ज्या कलाकृतीत माणूस घडविला जातो, तेथे तो कसा घडविला हे विचारण्याचा समीक्षकाला अधिकार आहे.

त्वचेच्या रंगाविषयी या क्षेत्रात वाद पुष्कळ झाले, पण बहुतेक वाद मोजदादीचे होते. किती पात्रे गोरी, किती काळी? मोजदाद निरर्थक नव्हे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दीडशे खेळांतील साडेआठ हजारांहून अधिक पात्रे मोजली गेली. त्या देशाच्या लोकसंख्येच्या तुलनेत गोरे, पुरुष आणि प्रौढ अधिक, तर लॅटिन अमेरिकन वंशाचे आणि मूळ रहिवासी अगदी थोडे, असे त्यात आढळले. परंतु सावळा माणूस मोजणीत आला म्हणून तो चित्रात उतरला असे होत नाही. आमच्या शिबिरातील मुलासमोर गडद चौकटी होत्याच. मोजणाऱ्याने त्या खेळाला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

चित्रकला शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच कळते की गोऱ्या रंगात काळा मिसळून सावळा रंग होत नाही, चिखल होतो. सावळ्या कांतीत तांबडा आहे, पिवळा आहे, सावलीत निळसर जांभळाही आहे. आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. सावळा, काळासावळा, गव्हाळ, निमगोरा, तुकतुकीत काळा असे शब्द आपण सहज वापरतो, आणि त्यांतील ‘तुकतुकीत’ हा तर रंगाचा शब्दच नव्हे, तो प्रकाशाचा शब्द आहे. खेळ घडविणाऱ्या पुष्कळ मंडळींनी मात्र फार काळ सोपा मार्ग धरला. एक त्वचा काळजीपूर्वक रंगवायची, बहुधा गोरी, आणि इतर सर्वांसाठी तिच्यावर कमीअधिक काळोख ओतायचा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘द सिम्स ४’ या खेळाचे आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने तो २०१४ साली काढला. त्यात युद्ध नाही, शत्रू नाही. माणसे घडवायची, त्यांना घर द्यायचे, नोकरी, लग्न, मुलेबाळे असा संसार चालवायचा. अशा खेळात माणसाचा चेहरा हेच सर्वस्व. त्यातील गडद त्वचा राखेसारख्या आणि डागाळलेल्या दिसतात, ही कृष्णवर्णीय खेळाडूंची तक्रार कित्येक वर्षे चालू होती. काहींनी तक्रारीवर न थांबता स्वतःच रंग तयार केले. अमिरा व्हर्जिल या कृष्णवर्णीय खेळाडू स्त्रीने बनविलेला त्वचारंगांचा संच असंख्य लोकांनी आपल्या खेळात बसविला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने शंभराहून अधिक नवे त्वचारंग दिले आणि प्रत्येक रंग कमीजास्त उजळ करण्याची सोयही दिली. म्हणजे हे अशक्य कधीच नव्हते. सहा वर्षे ते तातडीचे वाटले नव्हते, एवढेच.

पण रंग हा अर्धाच भाग झाला. दुसरा अर्धा भाग प्रकाशाचा, आणि येथे प्रकरण अधिक खोल जाते. संगणकावर माणसाची त्वचा काढणे फार दिवस साधत नव्हते. ती प्लॅस्टिकसारखी दिसे. २००१ साली हेन्रिक वान जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गणित मांडले. प्रकाश त्वचेवर आदळून नुसता परतत नाही, तो आत शिरतो, विखुरतो आणि थोडा बाजूने बाहेर येतो, हे त्यांनी संगणकाला करता येईल अशा रीतीने दाखविले. दिव्यासमोर तळहात धरला की बोटांच्या कडा लालसर उजळतात, तोच हा चमत्कार. त्यांच्या निबंधात दूध, बटाटा, सफरचंद, टोमॅटोचे केचप, संगमरवर आणि माणसाची त्वचा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसलेली आहेत, हे मला फार गमतीचे वाटले. या शोधाला पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. चित्रपटांतून तो खेळांत आला, आणि ‘खरीखुरी त्वचा’ म्हणजे आतून उजळणारी त्वचा असे समीकरण तयार झाले.

२०२० साली येल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ थिओडोर किम यांनी याच समीकरणावर बोट ठेवले. किम यांनी पूर्वी पिक्सारमध्ये काम केले होते, म्हणजे टीका घरातूनच आली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आतून येणारी ती उजळ आभा प्रामुख्याने गोऱ्या, तरुण त्वचेचे वैशिष्ट्य आहे. गडद त्वचेचे सौंदर्य मुख्यतः पृष्ठभागावरून परतणाऱ्या चमकेत असते. संशोधकांनी आपली बुद्धी आणि वर्षे पहिल्या गोष्टीवर खर्च केली आणि तिला ‘मानवी त्वचा’ असे नाव दिले. दुसरी गोष्ट जुन्या, ढोबळ साधनांवर सोडून दिली. भौतिकशास्त्र दोघांसाठी एकच आहे. कोणत्या प्रश्नाला आधी उत्तर शोधायचे, ही निवड माणसाची.

हे वाचताना मला आपल्या घरोघरचे पहिल्या कम्युनियनचे जुने फोटो आठवले. पांढरेशुभ्र झगे, पांढरी मेणबत्ती, आणि त्यामध्ये काळवंडलेला, डोळेच तेवढे दिसणारा एक चेहरा. आमच्या घरी माझाच असा फोटो आहे. माझी आई म्हणे, “फोटोवाल्याने पोराला जाळला.” त्या बिचाऱ्या फोटोवाल्याचा दोष थोडाच होता. कोडॅकच्या रंगीत फिल्मचा मेळ ज्या नमुना-छायाचित्रांवरून बसविला जाई, त्यांत फार वर्षे गोऱ्या स्त्रियाच असत, आणि त्या नमुन्याला ‘शर्ली’ असे नाव पडले होते. तपकिरी छटा नीट येत नाहीत या तक्रारीकडे कंपनीचे विशेष लक्ष गेले ते चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी ओरड केल्यावर, असे या विषयाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी नोंदविले आहे. चॉकलेटाला जे मिळाले ते माझ्या चेहऱ्याला मागाहून मिळाले, असो.

रंग आणि प्रकाश यांच्यापलीकडे तिसरा प्रश्न उभा राहतो : या माणसाला काय करायला दिले आहे? १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ आला. आमच्या तरुण वाचकांच्या वडिलांनी स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये त्यावर पैसे उडविले असतील. त्यात देशोदेशीचे मल्ल होते, आणि भारताचा प्रतिनिधी होता धालसिम. हाडकुळा, तपकिरी अंगाचा, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, हातपाय रबरासारखे लांब होणारे, पाठीमागे हत्तींची रांग. त्या काळच्या यंत्रात एका पात्राच्या वाट्याला जेमतेम पंधरा रंग येत. अशा कोंडमाऱ्यात चित्रकार ठळक खुणा शोधणारच, हे मान्य केले पाहिजे. ब्राझीलच्या वाट्याला तर हिरव्या कातडीचा, अंगातून वीज सोडणारा रानटी माणूस आला! त्या मानाने आपण सुटलो.

मात्र धालसिमविषयी न्यायाने बोलायचे तर तो दुष्ट नाही. कथेत तो शांतताप्रिय योगी आहे, आपल्या दरिद्री गावासाठी पैसा मिळावा म्हणून नाइलाजाने लढतो, त्याला बायको आहे, दत्ता नावाचा मुलगा आहे. मी त्याच्यावर रागावू शकत नाही. अडचण वेगळी आहे. अमेरिकन मल्ल हा एक अमेरिकन माणूस होता, धालसिम हा सगळा भारत होता. त्याच्या कातडीला देशाचे ओझे वाहावे लागले. गोऱ्या पात्राचा रंग कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याच्याकडून रंगाने काही सांगावे अशी अपेक्षाच नसते.

अठरा वर्षांनी त्याच कंपनीने ‘रेसिडेंट ईव्हिल ५’ काढला. आता पंधरा रंगांची सबब उरली नव्हती. कथा आफ्रिकेतील किजुजु या काल्पनिक प्रदेशात घडते. गोरा अमेरिकन सैनिक तेथे जातो, रोगाने पिसाट झालेले गावकरी त्याच्यावर धावून येतात, तो त्यांना गोळ्या घालतो. २००७ मध्ये त्याची पहिली चित्रफीत दाखविली गेली तेव्हाच वाद पेटला. ‘न्यूजवीक’चे पत्रकार एन्गाय क्रोल यांनी २००८ साली घेतलेला आक्षेप मला सर्वांत मार्मिक वाटतो. गावकरी रोगी होण्यापूर्वीच भीतिदायक दाखविले आहेत, त्यांचे चेहरे सावलीत बुडविले आहेत, डोळे धड दिसत नाहीत, आणि ही प्रतिमा कोऱ्या पाटीवर उमटत नाही, तिच्यामागे जुना इतिहास आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुन्हा प्रकाशच! प्रत्यक्ष खेळ आल्यावर नायकाला शेवा नावाची आफ्रिकन सहकारी दिलेली दिसली, तीही बाकी गावकऱ्यांहून बरीच उजळ. पुढच्या भागात गवताचे घागरे नेसलेले भालेधारी लोकही येतात. खेळ म्हणून तो बेतीव आणि चुरशीचा आहे, त्याचा खप प्रचंड झाला. वाईट कारागिरी निंदणे सोपे असते. येथे कारागिरी उत्तम आहे आणि दृष्टी शंभर वर्षे जुनी आहे.

आता एक चांगले उदाहरण सांगतो, कारण केवळ दोष काढणारा समीक्षक खाष्ट सासूसारखा होतो. २०१२ साली कॅलिफोर्नियातील टेलटेल कंपनीचा ‘द वॉकिंग डेड’ आला. तेथेही प्रेते उठून चालतात, तेथेही गोळ्या झाडल्या जातात. पण कथा आहे ली एव्हरेट या कृष्णवर्णीय माणसाची. तो विद्यापीठात इतिहास शिकवीत असे, त्याच्या हातून खून झाला आहे, आणि खेळ सुरू होतो तेव्हा पोलीस त्याला तुरुंगात नेत आहेत. जग कोसळते आणि क्लेमंटाइन नावाची एक एकटी पडलेली चिमुरडी त्याच्या पदरात येते. मग खेळणाऱ्यापुढे प्रश्न येतात ते असे : हिच्याशी खोटे बोलावे का? चोरीचे अन्न हिच्या देखत घ्यावे का? आपला गुन्हा हिला सांगावा का? लीची त्वचा विनाकारण अंधारात लोटलेली नाही, चित्रशैली हाताने रेखाटलेल्या चित्रकथेची आहे, त्यामुळे प्रत्येक सुरकुती कोणीतरी मनापासून काढली आहे. त्याचा वर्ण कथेत विसरलेला नाही, आणि कथा त्याच्या वर्णापाशी अडकूनही राहत नाही. पापी माणसाला पालकत्व देऊन त्याची कसोटी पाहणारी यापेक्षा चांगली कथा मी अलीकडे क्वचित वाचली. हिंसा भरपूर आहे, पालकांनी ध्यानात ठेवावे.

आवाजाचा प्रश्न मी ओझरताच घेतो. २०१६ च्या ‘अनचार्टेड ४’ मध्ये नेडीन रॉस ही दक्षिण आफ्रिकेची कृष्णवर्णीय स्त्री आहे. तिचा आवाज आणि हालचाली एका गोऱ्या अमेरिकन अभिनेत्रीच्या. अभिनय उत्तम झाला आहे. तरी रंग एकाचा आणि श्वास दुसऱ्याचा, असे काहीतरी मनात सलत राहते.

आपल्या ख्रिस्ती कलेत हा सल जुना आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढणारे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली, तिला आपल्या मातीचा वर्ण दिला, तेव्हा त्यांच्यावर टीका करणारे परके नव्हते, आपलेच होते. मरियेला पाहण्याची आपल्या डोळ्यांची सवय युरोपात घडली होती. फोन्सेकांची सावळी मरिया मात्र राखाडी नाही. ते बंगालच्या चित्रपरंपरेत शिकले होते आणि सावळ्या कांतीवर प्रकाश कसा उतरतो हे त्यांनी निरखले होते.

अलीकडे पुण्यातूनच एक खेळ जगभर गेला. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींचा ‘राजी’ २०२० साली आला. राजी ही डोंबाऱ्यांसारख्या कसरती करणारी मुलगी, असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. कथा बाळबोध आहे, लढाया काही वेळा कंटाळवाण्या होतात, पण राजस्थानी वास्तूंवरचा तिन्हीसांजेचा उजेड आणि त्यात फिरणारी ती तपकिरी मुलगी पाहून मला वाटले, येथे रंगवणाऱ्याला हा रंग घरचा होता. कॅनडात तयार झालेला ‘वेंबा’ (२०२३) तर याहून पुढे गेला. तेथे परदेशी स्थायिक झालेले एक तमिळ जोडपे आहे, आईची जीर्ण झालेली पाककृतींची वही आहे, इडली बिघडते आणि मुलगा आईची भाषा बोलायला लाजतो. सगळा खेळ स्वयंपाकघरात! ज्यांची मुले टोरांटोत किंवा दुबईत आहेत, अशा आपल्या कुटुंबांनी तो एकदा पाहावा.

आता स्वतःच्या अंगणाकडे येतो. सगळा दोष जपान-अमेरिकेवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. विवाहविषयक जाहिरातींत ‘गव्हाळ’ हा शब्द किती पडते घेऊन छापला जातो, हे आपण जाणतो. ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० साली बदलले, पण माझ्याकडे लग्नाची बोलणी घेऊन येणाऱ्यांच्या तोंडचे विशेषण बदललेले मी पाहिले नाही. म्हणून मला ‘रस्ट’ या खेळाची हकिगत विलक्षण वाटते. ब्रिटनच्या फेसपंच या कंपनीच्या त्या खेळात आरंभी सर्व खेळाडू एकसारखे टकले गोरे पुरुष असत. २०१५ साली कंपनीने बदल केला. प्रत्येक खेळाडूला यंत्रच चेहरा आणि वर्ण नेमून देऊ लागले, निवडीची मुभा नाही, पुन्हा बदलण्याचीही नाही. गोऱ्या मुलाला काळे शरीर मिळाले, काळ्याला गोरे. कित्येक खेळाडू संतापले. कंपनीचे प्रमुख गॅरी न्यूमन यांनी निर्णय मागे घेतला नाही. जन्म घेताना आपल्याला तरी कुठे विचारले होते? पण या समतेलाही एक छिद्र आहे. काळा वर्ण लाभलेला गोरा मुलगा संगणक बंद करून उठतो तेव्हा त्याचा वर्ण खुर्चीतच राहतो. आमच्या मुलाचा त्याच्याबरोबर घरी जातो.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. गेल्या नाताळात तो मला भेटला. नवा खेळ मिळाला होता आणि त्यात सावळे रंग पुष्कळ आहेत असे त्याने सांगितले. मोबाइलवर चित्र काढून त्याने माझ्यासमोर धरले. चेहरा खरोखरच छान उतरला होता, गालावर उन्हाची चमक होती. “आजीला दाखवलं,” तो म्हणाला, “ती म्हणाली रंग आपलाच आहे.” मी त्याचे कौतुक केले. त्याने मोबाइल परत घेतला, चित्र मोठे केले आणि काही वेळ निरखून पाहिले. “पण नाक बघा ना, फादर. सगळी नाकं त्यांचीच आहेत.”